नाण्याने डोकं फुटत नाही, टेपने फुटतं

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून एक सेंटचं नाणं खाली टाकलं तर ते रस्त्यावरच्या माणसाच्या कवटीतून आरपार जातं, ही थाप बरीच जुनी आहे. अधूनमधून ती व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा उगवते. गंमत म्हणजे थाप मारणाऱ्याचं गणित चुकलेलं नसतं. शाळेतलं गतीचं तिसरं समीकरण घ्या, त्यात छपराची उंची 381 मीटर घाला, उत्तर येतं सेकंदाला 86 मीटर, म्हणजे ताशी 310 किलोमीटर. फक्त ते उत्तर निर्वात पोकळीतलं आहे आणि न्यूयॉर्कमध्ये हवा आहे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. त्यामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत वाढत अशा ठिकाणी पोचतो, जिथे खाली ओढणारं वजन आणि वर ढकलणारी हवा यांची बरोबरी होते. तिथून पुढे वेग वाढायचा थांबतो. हाच अंत्य वेग. अडीच ग्रॅमचं ते नाणं आडवं पडत असेल तर त्याचा अंत्य वेग निघतो सेकंदाला 11 मीटर, ताशी 40 किलोमीटर. नाणं धारेवर उभं राहून सुरीसारखं हवा कापत आलं तर वेग बराच वाढेल, पण हवा त्याला तसं राहूच देत नाही. ते कलंडतं, गिरक्या घेतं, पानासारखं हेलकावत येतं. शिवाय हा अंत्य वेग ते पहिल्या वीसेक मीटरमध्येच जवळपास गाठतं. म्हणजे सहाव्या मजल्यावरून टाका की शंभराव्या, खालच्या माणसाला फरक कळणार नाही. टाळूला चटका बसेल, शिवी निघेल, बस्स.

मग नाण्याला जे जमत नाही ते कशाला जमतं? इथे मला सगळ्यात आवडणारं गणित येतं, जरा सोसा. एकाच पदार्थाचे दोन गोळे घ्या, दुसरा पहिल्याच्या दुप्पट व्यासाचा. वजन घनाप्रमाणे वाढतं, म्हणून आठपट. हवेला अडवायला मिळणारं क्षेत्रफळ वर्गाप्रमाणे, म्हणून चौपटच. वजनाची सरशी झाली, तेव्हा अंत्य वेगाचा वर्ग दुप्पट होतो. गतिज ऊर्जेत वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार असतो: आठ गुणिले दोन, सोळा. थोडक्यात, अंत्य वेगाने आदळणाऱ्या गोळ्याची ऊर्जा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते.

चौथा घात काय करतो ते गारांमध्ये दिसतं. एक सेंटीमीटरची गार डोक्यावर 0.05 ज्यूलच्या आसपास ऊर्जा आणते. पोरं ती वेचून तोंडात टाकतात. आठ सेंटीमीटरची गार त्याच हिशेबाने 4096 पट, म्हणजे 200 ज्यूलच्या घरात जाते. 30 एप्रिल 1888 रोजी मुरादाबादजवळ गारांच्या माऱ्यात 246 माणसं गेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीतल्या मनुष्यहानीचा हा उच्चांक आहे.

नारळाचं प्रकरण याहून सोपं. दीड-दोन किलोच्या न सोललेल्या नारळाला वीस मीटरच्या पडण्यात हवा फारसं अडवूच शकत नाही. तो ताशी 70 किलोमीटरच्या जवळपास वेगाने येतो. कोकणात म्हणतात, नारळाला तीन डोळे असतात, तो माणूस बघून पडतो. श्रद्धा गोड आहे, पण डॉ. पीटर बार्स यांनी पापुआ न्यू गिनीतल्या रुग्णालयातल्या जखमींचा अभ्यास करून 1984 साली निबंध लिहिला तो नारळाने झालेल्या दुखापतींवरच. नारळाचे डोळे तिकडे चालत नाहीत. उलट्या टोकाला, ‘नारळ दरवर्षी दीडशे माणसं मारतो’ हा आकडाही इंटरनेटवर फिरतो. त्याला कसलाही भरवशाचा आधार नाही.

खरी काळजी बांधकामाच्या टॉवरखाली करावी. दीडशे ग्रॅमचा पोलादी बोल्ट घ्या. पोलाद जड, त्या मानाने क्षेत्रफळ कमी, त्यामुळे त्याचा अंत्य वेग नाण्याच्या चौपट भरतो. तिसाव्या मजल्यावरून सुटला तर ढोबळमानाने ताशी 120 किलोमीटरने खाली पोचेल. क्रिकेटचा चेंडू साधारण याच वजनाचा आणि मध्यमगती गोलंदाजाचा वेगही हाच, फक्त चेंडू गोल असतो आणि बोल्टला कोपरे असतात. सगळा दणका एवढ्याशा जागेत जिरतो, म्हणून कवटी खचते. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत पन्नासएक मजले उंचीवर काम करणाऱ्याच्या पट्ट्यातून मोजमापाचा टेप निसटला. वजन जेमतेम अर्धा किलो. खाली गाडीतल्या कुणाशी बोलत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर तो आदळला आणि माणूस गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

आणि हेल्मेट असतं तरी? युरोपीय मानकानुसार कामगारांचं हेल्मेट तपासताना त्यावर पाच किलोचं वजन एक मीटरवरून सोडतात, म्हणजे 49 ज्यूल. आपला बोल्ट दहाव्या मजल्यावरून आला तर 40 ज्यूलच्या आत राहतो. तिसाव्यावरून आला तर 80 च्या वर जातो. तेवढ्या उंचीवर पाना, टेप, हातोडी मनगटाला नाहीतर पट्ट्याला दोरीने बांधून ठेवायची आणि खाली जाळी लावायची, हाच उपाय उरतो.