डेटा सायन्सचा प्रोजेक्ट आणि डेटा सायन्समधला रिसर्च: शाळेतल्या मुलांनो, दोन्ही एक नाहीत

नववी ते बारावीच्या मुलांचे डेटा सायन्सचे रिपोर्ट मी बरीच वर्षं वाचतेय आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, वर मोठ्या अक्षरात 'रिसर्च' लिहिलेलं असतं आणि आत प्रोजेक्ट असतो. चांगला असतो बरं का, कोड चालतो, ग्राफ नीट असतात, रात्री जागून केलेली मेहनत पानापानावर दिसते. पण 'यातून तुला असं काय कळलं जे याआधी कुणालाच माहीत नव्हतं?' एवढं विचारलं की मूल गप्प होतं, आणि मग आपण केलेलं सगळं वाया गेलं असं त्याला वाटायला लागतं. वाया काहीच जात नाही. दोन वेगळ्या कामांना एकच नाव पडलंय, आणि ही गल्लत मुलांनी केलेली नाही, कोर्सच्या जाहिरातींनी केलीय, सर्टिफिकेटांनी केलीय आणि थोडी आम्हा मोठ्यांनीही केलीय.

फरक अगदी थोडक्यात सांगायचा तर प्रोजेक्टची अ‍ॅन्सर की कुठेतरी असते. कुणीतरी डेटा साफ करून ठेवलाय, काय ओळखायचं ते ठरवून दिलंय, आणि तुमचं उत्तर किती बरोबर आलं ते तपासायची सोयही करून ठेवलीय. रिसर्चमध्ये अ‍ॅन्सर की नसतेच, प्रश्न आपण काढायचा, तो विचारण्यासारखा आहे हे आपणच पटवून द्यायचं, आणि आलेलं उत्तर खरं कशावरून हेही आपणच सांगायचं. हे तिसरं काम सगळ्यात अवघड आणि माझ्या मते खरा रिसर्च तिथेच असतो.

नुसतं बोलून हे डोक्यात शिरत नाही म्हणून एक फाइल उघडूया, टायटॅनिकची. कॅगल ही डेटा सायन्सच्या स्पर्धांची साइट २०१० पासून आहे, २०१७ मध्ये गूगलने ती घेतली, आणि डेटा सायन्स शिकणाऱ्या बहुतेकांनी तिथली टायटॅनिकची फाइल कधी ना कधी उघडलेली असते. ८९१ प्रवाशांची माहिती दिलेली आहे, कोण वाचलं कोण नाही हे सांगितलंय, आणि उरलेल्या ४१८ जणांचं तुम्ही ओळखायचं. आता ८९१ पैकी ३४२ वाचले, पण बायका आणि पुरुष वेगळे केले की चित्रच बदलतं: ३१४ बायकांपैकी २३३ वाचल्या आणि ५७७ पुरुषांपैकी फक्त १०९. म्हणजे मशीन लर्निंग (कंप्यूटरने डेटावरून स्वतःच नियम शिकणं) वगैरे काहीही न करता 'बाई असेल तर वाचली, पुरुष असेल तर नाही' एवढंच लिहून पाठवलं तरी साडेशहात्तर टक्क्यांच्या आसपास स्कोअर येतो. मग मुलं रँडम फॉरेस्ट नावाचं मॉडेल, म्हणजे डेटावरून अंदाज बांधायला शिकणारा प्रोग्रॅम, लावतात, नावातून 'मिस', 'मास्टर' असल्या पदव्या वेगळ्या काढतात, कुटुंबाचा आकार मोजतात आणि स्कोअर अठ्ठ्याहत्तर, ऐंशी असा वर सरकवतात. हा प्रोजेक्ट. यातून हात बसतो, रिकाम्या जागा कशा भरायच्या, मॉडेल पाठांतर करतंय की शिकतंय हे कसं ओळखायचं, सगळं यातच कळतं आणि ही पायरी गाळून कुणीही पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता तीच फाइल, पण प्रश्न दुसरा. वयाचा कॉलम बघा, ८९१ पैकी १७७ जणांचं वय लिहिलेलंच नाही. बहुतेक मुलं तिथे मिडीयन वय, म्हणजे सगळी वयं क्रमाने लावली की मधोमध येणारं, टाकतात आणि पुढे जातात. जरा थांबा ना तिथे. जे वारले त्या ५४९ पैकी १२५ जणांचं वय नाही, म्हणजे साधारण २३ टक्के, आणि जे वाचले त्या ३४२ पैकी ५२ जणांचं नाही, म्हणजे १५ टक्के. म्हणजे रिकाम्या जागा कशाही विखुरलेल्या नाहीत! वाचलेल्या माणसाला नंतर वय विचारता आलं म्हणून असेल का? की थर्ड क्लासच्या प्रवाशांची नोंदच धड ठेवली नव्हती आणि जास्त माणसंही तिथलीच गेली, म्हणून नुसतं तसं दिसतंय? तेही मोजता येतं: थर्ड क्लासमध्ये ४९१ पैकी १३६ वयं गायब, सेकंडमध्ये १८४ पैकी ११, फर्स्टमध्ये २१६ पैकी ३०. म्हणजे थर्ड क्लासचं ठीक आहे, पण फर्स्ट क्लासची नोंद सेकंडपेक्षा खराब कशी? इथे तुम्ही अडकलात, आणि हे अडकणं फार चांगलं आहे. आता कुठल्याही लीडरबोर्डवर, म्हणजे स्पर्धेतल्या स्कोअरच्या यादीवर, उत्तर मिळणार नाही, आता ही वयं मुळात कुणी, कधी, कुठल्या कागदावरून लिहिली हे शोधावं लागेल, आणि हे आधी कुणी शोधून लिहून ठेवलंय का तेही वाचावं लागेल. कदाचित ठेवलंही असेल, टायटॅनिकवर खूप लोकांनी काम केलंय. पण प्रश्न रिसर्चचा झाला, एवढं नक्की.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे कारण ते तब्येतीशी जोडलेलं आहे. त्वचेवरच्या डागाच्या फोटोवरून कॅन्सर ओळखायचा, हा विषय शाळेतल्या मुलांमध्ये फार लोकप्रिय आहे आणि त्यासाठी बहुतेक वेळा हॅम-टेन-थाउझंड नावाचा खुला डेटासेट घेतला जातो. त्यात १०,०१५ फोटो आहेत पण डाग आहेत ७,४७०, कारण एकाच डागाचे दोनदोन तीनतीन फोटो आहेत. आता फोटो नुसते पिसून काही ट्रेनिंगला (मॉडेलला शिकवायला) आणि काही टेस्टला (त्याची परीक्षा घ्यायला) ठेवले तर एकाच डागाचा एक फोटो इकडे आणि दुसरा तिकडे जातो, मॉडेलने तो डाग आधीच पाहिलेला असतो आणि स्कोअर उगाच फुगतो. वर त्यातले ६,७०५ फोटो साध्या तिळांचे आहेत, म्हणजे सगळ्यांना 'तीळ' म्हटलं तरी ६७ टक्के बरोबर! एका मुलाने नव्वदीच्या पुढची अ‍ॅक्युरसी लिहून आणली होती, फार खूश होता, मी त्याला फक्त एवढंच म्हटलं की आता डागानुसार वाटणी करून बघ. आकडा खाली आला, चेहरा पडला, आणि मग दोन दिवसांनी तोच म्हणाला की मॅडम, हा फरक किती पडतो हेच मोजलं तर? तर तिथे त्याचा प्रोजेक्ट संपला आणि रिसर्च सुरू झाला. मला अजून तो क्षण आठवतो.

हा फरक एकदा समजला की मग कुठे अर्ज करायचा ते ठरवणं सोपं जातं, कारण बाहेर 'हायस्कूल रिसर्च प्रोग्रॅम' नावाने जे मिळतं त्यातलं बरंचसं खरं तर कोर्स अधिक प्रोजेक्ट असतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात होणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट १९८४ पासून चालू आहे, सहा आठवड्यांची, निवड झाली की फी नाही, आणि तिथे मुलाला खऱ्या संशोधकाबरोबर कामाला बसवतात. एमआयटीचाच शाळेतल्या मुलांसाठीचा प्राइम्स नावाचा रिसर्च प्रोग्रॅम जवळपास वर्षभर चालतो, आणि त्यांचं क्राउडमॅथ नावाचं काम ऑनलाइन आहे, जगातल्या कुठल्याही शाळेतल्या मुलाला त्यात भाग घेता येतो, ते गणिताचं आहे पण न सुटलेल्या प्रश्नावर एकत्र काम म्हणजे काय ते तिथे कळतं. अशा ठिकाणी जागा फार थोड्या आणि अर्ज भरपूर, त्यामुळे नाही झालं तर मनाला लावून घेऊ नका, रस्ते बाकीचेही आहेत.

झूनिव्हर्स ही साइट हा त्यातला एक रस्ता, २००७ मध्ये गॅलेक्सी झू म्हणून सुरू झालेल्या कामातून तो उभा राहिला. सामान्य लोक आकाशगंगांचे फोटो बघून त्यांचे प्रकार सांगतात. नुसतं क्लिक करणं म्हणजे रिसर्च नाही हे खरं, पण तिथली एक गोष्ट मी प्रत्येक मुलाला सांगते. लोकांच्या उत्तरांवरून असं दिसायला लागलं की एका दिशेने फिरणाऱ्या सर्पिल आकाशगंगा दुसऱ्या दिशेच्या आकाशगंगांपेक्षा जास्त आहेत. केवढी मोठी बातमी झाली असती! पण संशोधकांनी तेच फोटो आरशात धरल्यासारखे उलटे करून लोकांना पुन्हा दाखवले, आणि तरी लोक त्याच दिशेला जास्त कौल देत राहिले. दोष आकाशात नव्हता, माणसांच्या नजरेत होता. आपल्याच निकालावर असा संशय घेता येणं ही सवय कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा महत्त्वाची आहे.

आणि शाळेत असताना खरंच काही नवीन सापडतं का, तर सापडतं. मॅटिओ पाझ या मुलाने नासाच्या निओवाइज दुर्बिणीच्या डेटावर काम केलं. ही दुर्बीण मुळात लघुग्रह शोधत होती, पण दहा वर्षांत साधारण २०० अब्ज नोंदी जमल्या होत्या आणि त्यात तेज कमीजास्त होणारे तारे वगैरेही नोंदले गेले होते. त्याने मशीन लर्निंगचं मॉडेल बनवून तशा १५ लाख संभाव्य नव्या वस्तू शोधल्या, २०२४ मध्ये पेपर 'द अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल जर्नल'मध्ये आला आणि २०२५ मध्ये रिजेनेरॉन सायन्स टॅलेंट सर्च या अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या विज्ञान स्पर्धेचं पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसाकडे बघू नका, तारखांकडे बघा. कॅलटेक या अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या एका उन्हाळी प्रोग्रॅममध्ये २०२२ साली हे काम सुरू झालं होतं, पेपर दोन वर्षांनी आला, आणि मार्गदर्शकाला डेटा आतून बाहेरून माहीत होता. म्हणून कुणी 'सहा आठवड्यांत पेपर पब्लिश करून देतो' म्हणालं की सावध व्हा. पैसे घेणारा प्रत्येक प्रोग्रॅम वाईट असतो असं नाही, फी घेऊन छान शिकवणारेही आहेत, फक्त भरायच्या आधी विचारा की प्रश्न कोण ठरवणार, मुलगा की तुम्ही? मागच्या बॅचमधल्या किती जणांचा प्रश्न एकच होता? आणि उत्तर 'काहीच फरक दिसला नाही' असं आलं तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर तो प्रोजेक्टच विकतोय समजा. प्रोजेक्टमध्ये शून्य निकाल म्हणजे नापास, रिसर्चमध्ये तो नीट केला असेल तर निकालच असतो.

लिहिलेलं कुठे पाठवायचं, तर 'जर्नल ऑफ इमर्जिंग इन्व्हेस्टिगेटर्स' खास शाळेतल्या मुलांसाठी आहे, २०११ पासून, हार्वर्डच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं. तिथे आधी हायपोथिसिस (तपासून बघता येईल असा अंदाज) लागतो, म्हणजे 'मी अमुक मॉडेल बनवलं' एवढं पुरत नाही, 'मला असं वाटत होतं, ते मी असं तपासलं' हे लागतं. आयसेफ ही आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धा, जिची सुरुवात १९५० ची, तिथे थेट जाता येत नाही, तिच्याशी जोडलेल्या स्पर्धेतून निवडून जावं लागतं. आणि तिथला एक नियम मुलांना फार उशिरा कळतो: माणसांकडून माहिती गोळा करणार असाल, साधा मित्रमैत्रिणींच्या झोपेवरचा ऑनलाइन फॉर्म का असेना, तर फॉर्म पाठवायच्या आधी परीक्षण समितीची मंजुरी लागते. नंतर घेऊन चालत नाही. दोनतीनशे उत्तरं जमवल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिलीत, फार वाईट वाटतं. लोकांसाठी आधीच खुला असलेला, नावगाव काढून टाकलेला डेटा घेतला तर ही अडचण येत नाही, म्हणून पहिल्या कामाला तोच घ्या.

प्रोफेसरांना मेल करायचं असेल तर 'मला एआयची खूप आवड आहे, मला संधी द्या' असं लिहू नका, असे मेल त्यांच्याकडे ढिगाने पडलेले असतात. त्यांचा एक पेपर वाचा, अर्धा कळला तरी चालेल, आणि लिहा की तुमच्या पेपरमधल्या अमुक तक्त्यात हे असं का आलं ते मला कळलं नाही, मी खुल्या डेटावर अमुक करून बघितलं, माझ्याकडे असं आलं, सोबत दोन पानं आणि कोड जोडलाय. त्या दोन पानांत टायटॅनिकच्या वयाचा कॉलमसुद्धा चालेल. पंधरा मेल पाठवले तर एखादं उत्तर येतं, आणि जे येतं ते बहुतेक वेळा एका ओळीचं असतं, 'हा आकडा परत एकदा तपास'. ते आलं की लगेच तपासायला बसा आणि त्याच आठवड्यात उत्तर पाठवा.