पोस्ट की पेज? वर्डप्रेसमध्ये काय कुठं लिहायचं

वर्डप्रेस हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर. त्याच्या डॅशबोर्डवर, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या कामाच्या पडद्यावर, डाव्या बाजूला ‘पोस्ट्स’ आणि ‘पेजेस’ असे दोन पर्याय दिसतात. दोन्हींत लिहायची जागा जवळपास सारखीच असल्यामुळे नवखा माणूस हाताला लागेल त्यात लिहितो, आणि गोंधळ बऱ्याच महिन्यांनी उघडा पडतो. डेटाबेसमध्येही दोन्ही एकाच टेबलात साठतात, फक्त प्रकाराचा रकाना वेगळा. २००३ मध्ये वर्डप्रेस आलं तेव्हा पेज नव्हतंच. ते २००५ मध्ये, १.५ या आवृत्तीत आलं.

खरा फरक तारखेचा आहे. पोस्ट तारखेच्या रांगेत उभी राहते: नवी वर, जुनी खाली. तिला कॅटेगरी आणि टॅग लागतात, ती फीडमधून (नव्या पोस्ट आपोआप पोचवणाऱ्या यादीतून) वाचकाकडे जाते, महिन्यावार संग्रहात सापडते. सेटिंग बदललं नसेल तर यादीच्या एका पानावर १० पोस्ट दिसतात, त्यानंतरच्या मागं सरकतात. पेज या रांगेत नसतं. तिथं वाचक मेनूतून किंवा लिंकवरून पोचतो. त्याला मूळ वर्डप्रेसमध्ये कॅटेगरी नसते, पण एका पेजच्या पोटात दुसरं पेज ठेवता येतं आणि क्रम आपल्याला हवा तसा लावता येतो.

म्हणून लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ही माहिती बदलली तर मी नवं लिहीन, की हेच दुरुस्त करीन? नवं लिहिणार असाल तर पोस्ट, दुरुस्त करणार असाल तर पेज.

मालवणजवळच्या एखाद्या होमस्टेची साइट घ्या. खोल्यांचे दर, पोचायचा रस्ता, संपर्क, बुकिंग रद्द करण्याचे नियम ही सगळी पेजेस. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा बंद असते. ती पुन्हा सुरू झाल्याची बातमी ही पोस्ट, पण ‘किल्ल्यावर कसं जायचं’ हे पेज. दर पोस्टमध्ये टाकले की काय होतं? पुढच्या हंगामात मालक नव्या दरांची नवी पोस्ट लिहितो, जुनी तशीच राहते, गूगलवर तीच आधी सापडते आणि पाहुणा जुना दर दाखवत दारात उभा राहतो. दरांचं एकच पेज असावं आणि त्यातलेच आकडे बदलत राहावेत.

उलटी चूकही होते. प्रत्येक बातमीचं पेज केलं तर ती ना फीडमध्ये जाते, ना संग्रहात. त्यातच मेनूच्या सेटिंगमध्ये नवी पेजेस आपोआप जोडण्याची खूण असेल, तर मेनू लांबत जाऊन मोबाइलवर निरुपयोगी होतो. पेज केल्यानं साइट वेगवान होते हाही गैरसमजच. कॅशिंग (तयार पान साठवून तेच पुन्हा दाखवणं) नसेल तर वर्डप्रेसचं पेजसुद्धा प्रत्येक भेटीत डेटाबेसमधूनच तयार होतं.

‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’मध्ये मुखपृष्ठ ठरतं. तिथं ‘स्टॅटिक पेज’ निवडलं की दोन पेजेस नेमायची असतात: एक मुखपृष्ठासाठी, दुसरं पोस्टच्या यादीसाठी. या दुसऱ्या पेजवर काहीही लिहू नका. तो मजकूर सहसा दिसतच नाही, तिथं फक्त यादी येते. लिहिलेलं गायब झालं म्हणून अनेकजण इथंच घाबरतात.

पत्त्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. पोस्टचा स्लग, म्हणजे पत्त्यातला तिच्या नावाचा भाग, बदलला तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्या पत्त्यावर नेतं. पेजच्या बाबतीत ते जुना स्लग साठवत नाही. म्हणून पेजचा स्लग प्रकाशित करण्यापूर्वीच पक्का करावा, विशेषतः तो व्हिजिटिंग कार्डावर छापायचा असेल तर. मराठी शीर्षकांची आणखी एक अडचण आहे. स्लगला २०० अक्षरांची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी वेलांटी आणि अनुस्वारसुद्धा, पत्त्यात ९ जागा खातं. म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर स्लग तुटतो, आणि कॉपी केल्यावर टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते. स्लग रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा ठेवा. शीर्षक खुशाल मराठीत असू द्या.

आधीच चुकीच्या जागी लिहिलं असेल तर एडिटरच्या तीन टिंबांतून सगळे ब्लॉक कॉपी करा आणि नव्या पेजमध्ये पेस्ट करा. ठळक चित्र (फीचर्ड इमेज) वेगळं लावावं लागतं, ते सोबत येत नाही. पर्मालिंक, म्हणजे पोस्टचा कायमचा पत्ता, ‘पोस्ट नेम’ प्रकारचा (साइटच्या नावापुढे फक्त स्लग) असेल, तर जुनी पोस्ट कचरापेटीत टाकून नव्या पेजला तोच स्लग द्या, पत्ता तोच राहील. पत्त्यात तारीख येत असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सोय) लावा आणि जुनी लिंक लॉगिन नसलेल्या खाजगी विंडोत उघडून तपासा.