बार्ज-सायकल सहल

कालव्यातील मालवाहू नावेचे निवासी नावेत रूपांतर करून रात्रीचा मुक्काम तीवर करायचा आणि दिवसा वाटाड्यासोबत काठाकाठाने सायकलवरून पुढचा टप्पा गाठायचा, अशी सांगड असलेला पर्यटनप्रकार. नेदरलँड्समध्ये आणि बेल्जियमच्या फ्लांडर्स भागात तो विशेष रुळला आहे. फ्रान्स व जर्मनीतही आढळतो. सहल बहुधा सात रात्रींची असते. सामान नावेतच राहते आणि पर्यटक सायकलवर असताना नाव पुढच्या मुक्कामी जाऊन थांबते.

‘बार्ज’ हा शब्द मराठी वाचकास गोव्यात मांडवी व जुवारी नद्यांतून लोहखनिज वाहणाऱ्या नावांमुळे परिचित आहे. त्याची व्युत्पत्ती मात्र वादग्रस्त आहे. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, येथवर एकमत दिसते. त्यामागे लॅटिन ‘बारिका’ हे रूप व त्याच्याही मागे ग्रीक ‘बारिस’ (नाईल नदीतील नाव) मानणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष मूळ केल्टिक भाषांत शोधतो. ‘बारिका’ हे रूप अनुमानित आहे, हा पहिल्या मतावरील मुख्य आक्षेप. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस (इ. स. पू. पाचवे शतक) याने बारिसचे वर्णन करताना बाभळीच्या जातीच्या लाकडाच्या आखूड फळ्या विटांसारख्या रचतात, असे म्हटले आहे. ईजिप्तच्या किनाऱ्यावरील थोनिस-हेराक्लिऑन या बुडालेल्या बंदरात मिळालेला सतरा क्रमांकाचा नौकावशेष या वर्णनाशी बराच जुळतो, असे प्रतिपादन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने हिरॉडोटसचे वर्णन खरे ठरते. शब्दाचा प्रवास सिद्ध होत नाही. तरीही ग्रीक मुळाचे मत अधिक ग्राह्य वाटते.

या पर्यटनप्रकाराचे पूर्वरूप सामान्यतः मालवाहू नावांत शोधले जाते. नाव मालवाहू खरी. पण ठरलेल्या वेळी निघून एका शहरातून दुसऱ्या शहरी माणसे नेण्याची कल्पना प्रवासी नावांची आहे. डच लोकांनी सतराव्या शतकात प्रवाशांसाठी ‘ट्रेकफार्ट’ म्हणजे ओढनावांचे कालवे खणले. अ‍ॅम्स्टरडॅम–हार्लेम हा त्यांतील पहिला. तो १६३२ मध्ये सुरू झाला. ब्रुसेल्सचा विलेब्रुक कालवा १५६१ मध्येच खुला झाला होता, त्यामुळे अग्रमान कोणाचा याविषयी मतभेद संभवतात. मुद्दाम प्रवासी वाहतुकीसाठी खणलेला कालवा हा निकष लावल्यास डच बाजू उजवी ठरते. काठावरून घोडा दोराने नाव ओढी आणि वेग ताशी सुमारे ७ किमी. पडे. वळणावर दोर काठाला घासून नाव किनाऱ्याकडे खेचली जाऊ नये म्हणून फिरते उभे खांब रोवलेले असत. ग्रोनिंगन प्रांतात असे काही खांब अजून उभे आहेत. घोडा हाकणाऱ्या पोराला ‘याखर’ आणि त्याच्या वाटेला ‘याखपात’ म्हणत. ‘ट्रेकन’ म्हणजे ओढणे. सह्याद्रीत दर रविवारी निघणाऱ्या ‘ट्रेक’चे मूळही दक्षिण आफ्रिकेतील डचांमार्फत इंग्रजीत गेलेल्या याच धातूत आहे. घेंट व ब्रुज यांच्या दरम्यान चालणाऱ्या प्रवासी नावेचे नाव तर ‘बार्ज’ असेच होते. ब्रुजमधील ‘बार्जवेग’ हे रस्त्याचे नाव तिची आठवण राखून आहे.

१८३९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम–हार्लेम लोहमार्ग सुरू झाला आणि ओढनावांना उतरती कळा लागली. पुढे यंत्रे आल्यावर घोडेही गेले, पण याखपात राहिले. सपाट, पाण्यालगतची आणि मोटारींपासून बरीचशी मुक्त असलेली ही वाट सायकलला आयतीच मिळाली. या सहलीचा खरा पाया नावेपेक्षा ही वाट आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

नावेचे आकारमान जलपाशांनी (पाण्याची पातळी चढवून-उतरवून नाव वर-खाली नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या कप्प्यांनी) ठरवले. फ्रान्समध्ये सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या पुढाकाराने ५ ऑगस्ट १८७९ च्या कायद्याने मुख्य कालव्यांतील जलपाशांची लांबी ३९ मी. व रुंदी ५.२० मी. अशी निश्चित झाली. त्यांत मावणारी नाव ३८.५० मी. लांब व ५.०५ मी. रुंद. तिला फ्रेंचमध्ये ‘पेनिश’, तर फ्लेमिशमध्ये ‘स्पिट्स’ म्हणतात. नाव जलपाशात शिरते तेव्हा दोन्ही अंगांना जेमतेम सात-आठ सेंमी. जागा उरते. डेकवर उभे राहिले की ओल्या, शेवाळलेल्या भिंतीला हात लागतो आणि पाणी चढू लागले की खलाशी खुंट्याला घातलेला दोर बोटाबोटाने आवळत जातो. मोठ्या नावा आणि मालमोटारी यांच्यापुढे अशा नावांचा धंदा बसला. त्यांपैकी काहींच्या मालकोठारांत केबिनी झाल्या. केबिनची खिडकी पाण्यापासून हातभर वर असते, त्यामुळे सकाळी बदके डोळ्यांच्या पातळीवर दिसतात. डच नावा बहुधा याहून मोठ्या असतात.

अ‍ॅम्स्टरडॅम–ब्रुज हा प्रसिद्ध मार्ग आहे. रोज ३० ते ५० किमी. सायकल चालवावी लागते. चांदीकामासाठी ख्यात असलेले स्खोनहोवन, १९ पवनचक्क्यांचे किंडरडाइक (१९९७ पासून जागतिक वारसा स्थळ), अँटवर्प आणि घेंट हे त्यावरील ठळक टप्पे. शेल्ट नदीला घेंटपर्यंत भरती-ओहोटी जाणवते. अँटवर्पला पाण्याच्या पातळीत सुमारे ५ मी. फरक पडतो. त्यामुळे या पट्ट्यात नाव केव्हा सोडायची हे कप्तान भरतीचे कोष्टक पाहून ठरवतो आणि न्याहारीची वेळ त्यानुसार मागेपुढे होते.

न्याहारीच्या टेबलावरच ज्याने त्याने पाव-चीजचा दुपारचा डबा बांधून घ्यायचा असतो. वाटाडा पुढे असतो; वळण आले की त्याच्यामागचा स्वार तेथे थांबून मागच्यांना दिशा दाखवतो आणि सर्वांत शेवटचा पुढे गेला की स्वतः निघतो. वाटाड्याविना जाणाऱ्यांसाठी क्रमांकित चौफुल्यांचे जाळे आहे. हिरव्या-पांढऱ्या पाटीवरील आकडे कागदावर क्रमाने लिहून घेतले की नकाशा न उघडताही वाट सापडते. ही पद्धत १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिंबर्ख प्रांतात सुरू झाली.

फ्रान्समधील कानाल द्यु मिदी (१६६६–८१) या २४० किमी. लांबीच्या कालव्याचे बरेच जुने जलपाश ३० मी. एवढेच असल्याने पुऱ्या लांबीच्या पेनिशला तेथे सर्वत्र जाता येत नाही. त्याच्या काठची वाटही काही ठिकाणी चिनाराच्या कुळातील वृक्षांच्या मुळांनी उखडलेली आहे. डॅन्यूबवर मोठी प्रवासी जहाजे वापरली जातात. त्यांना बार्ज म्हणणे सैल वापराचे होय. सहलींचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर.