पार्श्वभूमी : कॅमेऱ्यांच्या जुन्या लेदर केस आणि 'ऑक्युपाइड जपान'चा ठसा

जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात 'ओरिजिनल केससह' एवढं लिहिलं की किंमत चढते. ती केस त्याच कॅमेऱ्याची कशावरून, हे क्वचितच कुणी विचारतं. बॉडीवर सीरियल नंबर असतो, लेन्सवर असतो; केसवर फार तर कंपनीचं उठावातलं नाव, बरेचदा तेही नाही. म्हणून ओळख पटवायची ती चामडं, शिवण, चाप-बटणं, तळाचा स्क्रू आणि असलाच तर देशाच्या नावाचा ठसा यांवरून. यांतल्या ठशाला, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर ताब्यात असलेल्या जपानच्या 'ऑक्युपाइड जपान' या ठशाला, आज सर्वाधिक भाव आहे. साक्षीदार म्हणून मात्र तोच सगळ्यांत कच्चा.

काचेच्या प्लेटांच्या काळातल्या केस म्हणजे खरं तर पेट्याच. जाड चामडं, चौकोनी बांधणी, आत प्लेट-होल्डरांचे कप्पे. १८८८ चा पहिला कोडॅक २५ डॉलरला मिळायचा, १०० फोटोंची फिल्म भरलेली, आणि खांद्याला अडकवायची चामडी पेटीही त्याच किमतीत. या पेट्या कप्प्यांच्या मापावरून ओळखता येतात, त्यात फारसं गूढ नाही.

गूढ असलंच तर चामड्यात आहे. साच्यावर ओलं चामडं दाबून आकार द्यायचा तर ते झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं लागतं. क्रोमने कमावलेलं चामडं (ती पद्धत १८८४ च्या पेटंटनंतर पसरली) मऊ आणि पाण्याला टिकाऊ, पण दाबलेला आकार धरत नाही. कापलेल्या कडेला निळसर-करडी झाक दिसली तर तो क्रोमचा माल, आणि साच्यातल्या युद्धपूर्व केसमध्ये तो दिसला तर नंतरच्या दुरुस्तीचा संशय घ्यावा.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे. युरोपातल्या, विशेषतः ब्रिटनमधल्या चर्मोद्योगाला हिंदुस्थानातून हिरडा जात असे आणि त्याच्या प्रती बंदर-बाजारांच्या नावांनी ओळखल्या जात. भिमली, जबलपूर आणि आपलं वेंगुर्ला, म्हणजे त्यांच्या तोंडी 'व्हिंगोर्ला'. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधल्या एका समितीने पुस्तकबांधणीची चामडी का कुजतात याचा शोध घेतला, तेव्हा तरवडाच्या सालीने कमावलेली हिंदुस्थानी कातडी फार लवकर नासणाऱ्यांत निघाली; हिरड्याच्या जातीची टॅनिन (चामडं कमावणारी द्रव्यं) त्या मानाने बरी ठरली. हात लावताच लाल भुकटी सोडणाऱ्या जुन्या केसचा रोग तोच, धूर आणि गॅसच्या हवेतल्या गंधकाने बळावलेला. भुकटी म्हणजे वय नव्हे, एवढं लक्षात ठेवावं. तीस वर्षांची वाईट केस ऐंशी वर्षांच्या चांगल्या केसपेक्षा म्हातारी दिसू शकते.

ओळखीचा खरा खेळ सुरू होतो १९२५ नंतर, लायका हा छोटा जर्मन कॅमेरा बाजारात आल्यावर. कॅमेरा केसमधून न काढता, पुढचं झाकण खाली सोडून फोटो काढायचा, ही 'एव्हररेडी' केसची कल्पना पस्तीस मिलिमीटरच्या छोट्या कॅमेऱ्यांमुळे घरोघर गेली. (रोल बदलायला अख्खी केस उतरवावी लागते, म्हणून वापरणाऱ्यांनीच तिचं 'नेव्हररेडी' करून टाकलं.) अंगाबरोबर बसणारी केस असल्यामुळे कॅमेऱ्यातला प्रत्येक बदल तिच्यात उमटला. सुरुवातीच्या लायकाला पट्ट्यासाठी कड्या नव्हत्या, पट्टा केसलाच असे. १९३३ च्या लायका थ्रीला कड्या आल्या आणि पुढच्या बाजूला शटरच्या कमी वेगांची चकतीही. केसला दोन्हींसाठी जागा करावी लागली. १९४० च्या थ्री-सीची बॉडी ओतीव झाली आणि आधीच्या थ्री-बीपेक्षा २.८ मिलिमीटरने लांब. तीन मिलिमीटरसुद्धा नाहीत, पण ताठ चामड्यात ते लपत नाहीत. थ्री-सी जर थ्री-बीच्या म्हणवल्या जाणाऱ्या केसमध्ये सहज सरकत असेल, तर केसचं नाव तरी चुकलंय किंवा ती कुणीतरी ताणलीय.

केसमधून कॅमेऱ्याच्या तळाच्या भोकात बसणारा स्क्रूही असाच बोलका. युद्धपूर्व जर्मन कॅमेऱ्यांत ३/८ इंची जाड आटा सर्रास, तर अमेरिकी आणि जपानी मालात बहुधा १/४ इंची. मोठ्या भोकात लहान स्क्रू बसावा म्हणून मधे घालायची कडी, म्हणजे बुशिंग, मिळते, त्यामुळे कॅमेऱ्याचं भोक फसवतं. केसचा स्क्रू सहसा कुणी बदलत नाही. जर्मन बटणांवर आणि बिजागऱ्यांवर कधी बारीक अक्षरं सापडतात. डी.आर.पी. किंवा डी.आर.जी.एम. म्हणजे राइशच्या (१९४५ पर्यंतच्या जर्मनीच्या) काळातली नोंदणी, डी.बी.पी. किंवा डी.बी.जी.एम. म्हणजे पश्चिम जर्मनीतली. दुसरी जोडी दिसली की केस युद्धपूर्व असूच शकत नाही. पहिली दिसली तर उलट निष्कर्ष काढता येत नाही, कारण जुनी बटणं युद्धानंतरही वापरली जाऊ शकत होती.

आता ठसा. मालावर देशाचं नाव घालण्याची सक्ती जुनी. ब्रिटनने १८८७ मध्ये केली, अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने. युद्धानंतर प्रश्न वेगळा झाला, कारण जपान होता पण स्वतंत्र नव्हता. १९४७ मध्ये खासगी निर्यात पुन्हा सुरू होताना जपानचा ताबा घेतलेल्या, अमेरिकेच्या हाताखालच्या लष्करी प्रशासनाने 'मेड इन ऑक्युपाइड जपान' (ताब्यातल्या जपानमध्ये बनलेलं) असं छापायला लावलं. १९४९ च्या अखेरीस नुसतं 'मेड इन जपान'ही चालेल असं ठरलं, आणि २८ एप्रिल १९५२ ला शांतता करार अमलात येऊन ताबाच संपला. म्हणजे सक्तीचा काळ तीन वर्षांहूनही कमी, त्यापुढची सव्वादोन-अडीच वर्षं मर्जीची. संग्राहकांच्या बोलण्यात मात्र १९४७ ते १९५२ हा एकच अखंड पट्टा होऊन बसलाय.

हुकमाने एक गोष्ट धूसर ठेवली आणि सगळा घोळ तिथला. कॅमेरा, लेन्स, केस आणि टोपण असा संच जात असेल तर ठसा कशावर? कुठल्याही कारखानदाराला आपल्या चकचकीत वरच्या पत्र्यावर पराभवाची नोंद कोरायची हौस नव्हती. तो तळाला गेला, किंवा चामड्यावर गेला, जिथे तो दिसतोही आणि खुपतही नाही. नायकॉन वन (१९४८), त्यानंतरचा एम आणि सुरुवातीचे काही एस यांच्या तळावर तो कोरलेला सापडतो. इतर काही कॅमेऱ्यांच्या बाबतीत तो फक्त केसवर असल्याचं सांगितलं जातं, आणि वाद याच 'फक्त'वर आहे. एका पक्षाच्या मते केसवरचा ठसा अख्ख्या संचाला लागू होतो, कारण माल संच म्हणूनच बाहेर गेला. दुसऱ्याच्या मते तो केसपुरताच.

दुसरा पक्ष बरोबर आहे. केस गठ्ठ्याने बनत. १९४९ च्या गठ्ठ्यातली केस १९५१ च्या कॅमेऱ्याला मिळण्यात नवल काहीच नाही. शिवाय नायकॉनचा तळ आणि पाठ हा एकच सुटा भाग, तो दुसऱ्या बॉडीवर चढतो. मग धातूवर कोरलेल्या ठशाचीही हमी नाही, तिथे स्क्रूने लावलेल्या केसची कसली धरायची? जपानमध्येच अमेरिकी सैनिकांना विकलेल्या मालाची खूण तर वेगळीच, पुढच्या काळात हिऱ्याच्या चौकटीतली 'ई.पी.' अक्षरं. ठसा नाही म्हणजे माल त्या काळातला नाही, असंही म्हणता येत नाही.

ठसा खरा की मागाहून मारलेला, हे चामडंच सांगतं. ओलसर चामड्यावर दाबलेली अक्षरं तळाशी गडद, कडांना गोलसर आणि गुळगुळीत असतात. सुकलेल्या जुन्या चामड्यावर साचा मारला की वरचा दाणा तुटतो, कडेला बारीक भेगा पडतात आणि आतला फिका रंग डोकावतो. भिंग घेऊन दोन मिनिटं पाहिलं तर कळतं. विकणारे फोटोत ठसा मोठा करून दाखवतात, पण प्रकाश समोरून टाकतात. तिरप्या प्रकाशातला फोटो मागावा.

जर्मनीतही हेच घडलं. 'यू.एस. झोन' आणि 'यू.एस.एस.आर. ऑक्युपाइड' असे ठसे तिथे आले. दुसरा सोव्हिएत ताब्यातल्या ड्रेस्डेनच्या एक्झॅक्टा कॅमेऱ्यांवर माहीत असेल. त्यांना जपानी ठशाइतका भाव का नाही, याचं कारण इतिहासात नाही, गिऱ्हाइकांत आहे. 'ऑक्युपाइड जपान' लिहिलेल्या चिनी मातीच्या बाहुल्या आणि कपबशा जमवणाऱ्यांचा मोठा वर्ग अमेरिकेत आधीच होता, तो कॅमेऱ्यांकडे वळला. सोव्हिएत मालाची कथा तर निव्वळ नकलांची. फेड आणि झोर्की या तिथल्या कॅमेऱ्यांच्या बॉड्यांवर लायकाचं नाव कोरणाऱ्यांनी केसवरही ते उठवलं.

पुढे फार काही उरत नाही. १९५९ च्या नायकॉन एफनंतर बदलते व्ह्यूफाइंडर, लांब लेन्स आणि मोटर यांच्या मापाची एकच केस शिवणं अशक्य झालं. चामड्याच्या जागी रेक्झिन आलं. १९७० च्या दशकात फिलाडेल्फियातल्या एका वृत्तछायाचित्रकाराने स्वतःच्या सोयीसाठी कॅनव्हासची पिशवी बनवून घेतली आणि व्यावसायिकांनी तोच मार्ग धरला. भारतात आयातबंदीमुळे जुने कॅमेरे आणि त्यांच्या केस जास्त काळ वापरात राहिल्या, त्याची किंमत पावसाळ्याने वसूल केली. चामडं ओल धरतं, लेन्सला बुरशी लागते, पितळेला चामड्यातल्या तेलाने हिरवा चिकट थर येतो. म्हणून जाणकार केस आणि कॅमेरा वेगळे ठेवायला सांगतात. सल्ला योग्यच, पण चिठ्ठी न लावता वेगळे केलेले संच पुढच्या पिढीने अंदाजाने जुळवले, आणि आज 'ओरिजिनल केससह' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी जोड्या अशाच लागलेल्या आहेत.