बी माय बेबी (ध्वनिमुद्रण)

बी माय बेबी हे ‘द रॉनेट्स’ या अमेरिकन गायिका-त्रयीचे १९६३ मधील गीत. मुलींच्या गायनसमूहांनी त्या काळी जी पॉप गाणी लोकप्रिय केली, त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांमध्ये त्याची गणना होते. जेफ बॅरी व एली ग्रीनविच हे दांपत्य आणि निर्माता फिल स्पेक्टर यांनी ते रचले. जुलै १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत ते मुद्रित झाले आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

गाण्याचा प्रारंभच ऐकण्यासारखा आहे. ड्रमवादक हॅल ब्लेन बेस ड्रमवर (खर्जातल्या मोठ्या ढोलावर) तीन ठोके देतो आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा (कडक आवाजाच्या लहान ढोलाचा) आघात करतो. स्नेअर एरवी दुसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही मात्रांवर वाजतो. येथे दुसरी मात्रा मोकळी राहिल्यामुळे चौथीची ओढ वाढते आणि गायिकेने तोंड उघडण्यापूर्वीच श्रोता गाण्यात ओढला जातो. दुसऱ्या मात्रेवरचा ठोका आपल्याकडून चुकून सुटला आणि मग तो तसाच ठेवला, असे ब्लेनने पुढे सांगितले.

या ठेक्यामागे ‘वॉल ऑफ साउंड’ (नादाची भिंत) या नावाने ओळखली जाणारी स्पेक्टरची पद्धत उभी आहे. अनेक गिटार आणि पियानो एका खोलीत एकत्र वाजवायचे, तो नाद स्टुडिओच्या प्रतिध्वनी-कक्षात सोडायचा आणि तेथून पुन्हा मायक्रोफोनने टिपून मूळ आवाजात मिसळायचा, अशी ती रीत होती. जॅक निच्चे याची वाद्ययोजना आणि लॅरी लेव्हिन याचे ध्वनिमुद्रण-कौशल्य यांमुळे सर्व वाद्यांचा मिळून एकच घनदाट नाद होतो. त्यातले एखादे वाद्य वेगळे काढू पाहिले, तर ते सहसा हाती लागत नाही.

तरीही हे गाणे उभे आहे ते व्हेरोनिका ऊर्फ रॉनी बेनेट हिच्या आवाजावर. मुद्रणाच्या वेळी तिला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तिचा किंचित खरखरीत, कंप पावणारा स्वर त्या नादाच्या भिंतीत बुडत नाही, आणि शब्द संपल्यावर ती जे आळवते त्यात आर्जव आणि आत्मविश्वास एकाच वेळी ऐकू येतात. समूहातील एस्टेल बेनेट आणि नेड्रा टॅली या दोघींचे आवाज मात्र या मुद्रणात नाहीत. साथीच्या गायकांमध्ये डार्लिन लव्ह, सॉनी बोनो आणि शेर यांचा समावेश होता.

‘बीच बॉइज’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ब्रायन विल्सनने हे गाणे मोटारीत प्रथम ऐकले तेव्हा त्याला गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली. ‘डोन्ट वरी, बेबी’ हे १९६४ चे गीत त्याने याच प्रभावातून रचले. २००६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत ‘बी माय बेबी’चा समावेश झाला.

आर्थिक लाभाची बाजू मात्र खेदजनक आहे. स्पेक्टरशी झालेल्या १९६३ च्या करारानंतर तिघींना मिळून सुमारे १५,००० डॉलरची एकच आगाऊ रक्कम मिळाली. त्यांनी पुढे दावा लावला. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मुद्रणांच्या वापराचे हक्क निर्मात्याकडेच ठेवले, पण करारातील तरतुदींनुसार गायिकांना स्वामित्वधन देय असल्याचे मान्य केले.