सिरफिड माशी: उशिरा पटलेली ओळख

फुलासमोर हवेत एका जागी तरंगणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी अनेकांना गांधीलमाशी वाटते आणि ते तिला हाकलतात. तिला नांगी नसते. पट्ट्यांचे सोंग पक्ष्यांना घाबरवण्यासाठी असले, तरी माणूसही त्याला शतकानुशतके फसत आला आहे.

मेलेल्या बैलाच्या शरीरातून मधमाश्या जन्मतात, अशी प्राचीन भूमध्य प्रदेशात समजूत होती. रोमन कवी व्हर्जिलने तर त्याची सविस्तर कृतीच लिहून ठेवली. अखेर १८९३-९४ मध्ये कीटकशास्त्रज्ञ ऑस्टन-साकेन यांनी उलगडा सुचवला: त्या ‘मधमाश्या’ म्हणजे एरिस्टॅलिस टेनॅक्स ही सिरफिड माशी. तिची अळी शेपटीसारख्या लांब नळीने श्वास घेत घाण पाण्यात वाढते.

बागेच्या दृष्टीने जास्त मोलाच्या आहेत त्या मावा, म्हणजे झाडांचा रस शोषणारी बारीक कीड, खाणाऱ्या जातींच्या अळ्या. फ्रेंच निसर्ग अभ्यासक रेओमूर यांनी अठराव्या शतकातच त्यांचे वर्णन केले होते. मादी माव्याच्या वसाहतीजवळ अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळीला ना पाय, ना डोळे. तरी ती पानावर चाचपडत मावा पकडते, आतला रस शोषते आणि रिकामी कातडी टाकून देते. कोषात जाईपर्यंत एकेक अळी शेकडो मावा फस्त करते.

प्रौढ माशी मात्र फुलांवर जगते. मकरंदातून तिला उडण्याची ताकद मिळते आणि अंडी पक्व व्हायला पराग लागतात. तोंड आखूड असल्याने तिला उघडी, उथळ फुले सोयीची. नुसते एकसुरी पीक असेल तर ती तिथे टिकणार कशी? म्हणूनच १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये गव्हाच्या कडेने फॅसेलियाच्या फुलांचे पट्टे लावून पाहिले गेले. कॅलिफोर्नियातले सेंद्रिय शेतकरी लेट्यूसमध्ये ॲलिसमची फुलझाडे लावतात, तेही याच कारणासाठी.

या माश्यांचा खरा आवाका कळला तो अलीकडे. रडारच्या नोंदींवरून २०१९ मध्ये संशोधकांनी अंदाज मांडला, की दक्षिण ब्रिटनवरून दरवर्षी ४ अब्जांपर्यंत सिरफिड माश्या स्थलांतर करतात. २०२० च्या एका आढाव्यानुसार जगातल्या किमान ७२ टक्के अन्नपिकांच्या फुलांना त्या भेट देतात. परागीभवनाचे श्रेय आपण जवळजवळ सगळे मधमाशीला देत आलो, हे मला अन्यायाचे वाटते.

मावा दिसताच सरसकट कीटकनाशक फवारले, की त्याच पानावरच्या या अळ्याही मरतात. मावा पुन्हा झपाट्याने वाढतो. माश्यांची पुढची पिढी तयार व्हायला त्याहून जास्त दिवस लागतात.