चाकरमानी (कोकण–मुंबई स्थलांतर)

चाकरमानी म्हणजे चाकरीसाठी मुंबईत राहणारा, पण गावचे घर, जमीन आणि देव न सोडलेला कोकणी माणूस. या शब्दामागे दीडशे वर्षांहून जुने स्थलांतर आहे. त्याचा उगम प्रामुख्याने आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत. १९८१ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच रत्नागिरी जिल्हा होता.

माणसे बाहेर पडण्याचे पहिले कारण जमीन. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, पण खाली जांभा आणि कातळ. पाणी ठरत नाही, उताराने खाडीला जाते. भाताचे एक पीक निघाले की शेत पुढच्या पावसापर्यंत मोकळे. त्यावर खोतीचा, म्हणजे गावाचा सारा गोळा करण्याच्या खोताच्या वंशपरंपरागत हक्काचा, भार होता. खोताचा वाटा दिल्यावर कुळाच्या कणगीत वर्षभर पुरेल एवढे भात क्वचितच उरे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, तोवर मुंबईची वाट चांगलीच मळली होती. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली, गोदीची कामे वाढली आणि हात हवे झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतला साधारण दर पाचवा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता.

प्रवास बोटीचा. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत आगबोटी जात. बऱ्याच ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. पुढे एस.टी. आली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली.

गेले ते बहुतांशी एकटे पुरुष. गिरणगावातल्या, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांभोवतीच्या वस्तीतल्या, चाळीत एकेका गावाची खोली असे. दहा बाय बाराच्या जागेत वीस-पंचवीस जण, भिंतीला टांगलेल्या पिशव्या, कडेला रचलेल्या ट्रंका. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याने मोकळ्या केलेल्या जागेवर आडवा होई. जेवण खानावळीत, ती बहुधा ओळखीतलीच बाई चालवी आणि हिशेब पगाराला मिटे. नव्याने आलेल्या पोराला काम लावून देणे हा त्या खोलीचा अलिखित नियम होता. स्थलांतराच्या अभ्यासात ज्याला साखळी स्थलांतर म्हणतात, ते इथे चटईच्या मापाने मोजता येई.

गावाकडे लावणी, कापणी, गुरे, म्हातारी माणसे हे सगळे बायकांवर. महिन्याला मनीऑर्डर येई, म्हणून या मुलखाला ‘मनीऑर्डरवर जगणारा’ म्हटले गेले. हे हेटाळणीचे बोलणे अर्धेच खरे आहे. मुंबईच्या तुटपुंज्या मजुरीत संसार चाले, याचे एक कारण म्हणजे गावातल्या बाईच्या शेतावर बायकामुलांचे पोट भागत होते. म्हणजे उपकार दोन्हीकडून होते.

या गैरहजेरीचा ठसा जनगणनेत स्पष्ट दिसतो. २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६. हा आकडा मुलींच्या स्वागताची खूण म्हणून सांगितला जातो, ती गफलत आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत याच जिल्ह्यांतले प्रमाण हजाराच्या खालीच आहे. आकडा फुगतो तो पुरुष मुंबईत मोजले जातात म्हणून.

१९८२ च्या गिरणी संपाने या व्यवस्थेचा कणा मोडला. काही जण गावी परतले; पण बरेच जण, ज्यांनी तोवर बायकामुले आणली होती, ते भांडुप, डोंबिवली, दिवा, नालासोपारा असे सरकत गेले. २००१ ते २०११ या दशकात राज्यात केवळ तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली : रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९, सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ आणि तिसरा खुद्द मुंबई शहर जिल्हा. स्थलांतराची दोन्ही टोके एकाच वेळी रोडावली. त्याच काळात ठाणे जिल्हा (तेव्हा पालघरसह) सुमारे ३६ टक्क्यांनी वाढला.

घट झाली म्हणून गाव तुटले, असे मात्र नाही. जनगणनेची मुख्य गणती फेब्रुवारीत होते. ती गणेशचतुर्थीला झाली असती तर हेच जिल्हे भरलेले दिसले असते. बहुतेक वाड्यांचे मुंबईत मंडळ असते. देवळाचा जीर्णोद्धार, पाखाडी (दगडी पायऱ्यांची पायवाट), सभामंडप यांची वर्गणी तिथे जमते आणि शिमग्याच्या पालखीचे वादही आधी तिथेच रंगतात. एरवी घराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकीकडे. चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी ती जाळीजळमटे काढते, अंगण सारवते, विहिरीवरचा पंप चालू करून बघते. सातबाऱ्यावर मात्र वीस-वीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत. त्यामुळे जमीन ना विकली जाते ना कसली जाते, रान माजते. तिकडे आंब्याच्या बागांची राखण आणि मेहनत करायला नेपाळहून माणसे येतात.

२०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी मोठ्या संख्येने गावी आले, तेव्हा गावांनी त्यांना आधी शाळांमध्ये विलगीकरणात ठेवले. वर्गणीच्या पावतीवर ज्याचे नाव, त्यालाच वेशीवर थांबवल्याने काही ठिकाणी खटके उडाले. त्या वर्षी चतुर्थीलाही तो प्रश्न सुटला नव्हता : वाट पाहायची ती पाहुण्याची, की घरच्या माणसाची?